घरच्या मैदानाचा सात

मुकादमाला कुणी ‘काय, तब्येत कशी आहे?’ म्हणून विचारलं, तर तो गुडघ्याचं सांगत नसे, कमरेचंही सांगत नसे. ‘सात,’ एवढंच म्हणे आणि पुढे चालू लागे. विचारणारा क्लबातला असला तर हसून मान डोलवी. बाहेरचा असला तर बिचारा घोटाळ्यात पडे, की सात काय? गोळ्या, की पोरं?

सात हा त्याचा गोल्फचा हँडिकॅप. ज्यांनी ह्या खेळाची काठी कधी हातात धरली नाही त्यांना सांगायचं तर भानगड फार अवघड नाही. अठरा होलांचं ते मैदान चांगल्या खेळाडूने बहात्तर फटक्यांत पुरं करावं अशी अपेक्षा. मुकादमाला साधारण एकोणऐंशी लागत. वरचे जे सात, तो त्याचा हँडिकॅप. आकडा जितका लहान तितका माणूस पक्का. तीन-तीन पिशव्या भरून काठ्या बाळगणारे बडे सभासद सोळा-अठराच्या खाली येत नसत, आणि हा गवत कापणाऱ्यांचा मुकादम, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या काठ्यांवर, सात. कर्मचाऱ्यांच्या फळ्यावर त्याच्यापुढे हा आकडा नऊ वर्षं होता. पहिली काही वर्षं कारकून तो खडूने लिही. पण पुसायची वेळच येईना, तेव्हा त्याने कंटाळून एक दिवस तो रंगाने लिहून टाकला.

मुकादमाचं खरं काम गवताचं. प्रत्येक होलाभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते. तिच्यावर झेंडा रोज एकाच जागी ठेवून चालत नाही, माणसांच्या पायांनी तिथलं गवत मरतं. म्हणून रोज सकाळी नवा होल पाडायचा आणि जुना बुजवायचा. लोखंडी नळीसारखं अवजार हिरवळीत दाबून फिरवायचं, गवतासकट मातीचा गट्टू वर काढायचा, आणि तोच गट्टू नेऊन कालच्या होलात बसवायचा. मग वरून तळहात फिरवायचा. हाताला कड लागली तर काम कच्चं. मुकादमाने बुजवलेला होल दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडत नसे. हाताखाली पाच माणसं असताना हे काम त्याने सव्वीस वर्षं कुणाला करू दिलं नाही.

त्यात त्याचा क्रम ठरलेला. वाराप्रमाणे झेंडा फिरे. आठव्या हिरवळीचं सांगायचं तर मंगळवारी पुढे डावीकडे, शनिवारी मधोमध, रविवारी मागे उजवीकडे. सोमवारी क्लब बंद. रविवारचेच होल तसे राहत आणि त्या दिवशी मैदान नोकरांचं. म्हणजे मुकादम दर सोमवारी ज्या अठरा भोकांत चेंडू घालायला निघे, ती सगळी त्याने आदल्या दिवशी स्वतःच पाडलेली असत. आता बोला! कारकून त्याला चिडवायचा, ‘‘मुकादम, पेपर पण तुमचा आणि उत्तरं पण तुमचीच!’’

‘‘मग उद्यापासून तू पाड की,’’ मुकादम म्हणायचा. ‘‘पाहू किती दिवस कंबर टिकते.’’

कारकून म्हणजे क्लबाच्या कचेरीतला, हँडिकॅपची कार्डं सांभाळणारा. दर सोमवारी दोघं जोडीने खेळत. त्याचा आकडा सोळा होता आणि त्याबद्दल त्याला काडीचं वाईट वाटत नसे.

तीन वर्षांपूर्वी जे सुरू झालं ते इतकं बारीक होतं की त्याची गोष्ट कुणाला सांगावी असंही नव्हतं. अवजारांच्या खोलीच्या दाराला डावा खांदा लागला. रस्त्यात बाजूने येणारी सायकल एकदम समोरच उभी राहिली, येताना कुठे दिसलीच नाही. मशीनने गवताचे पट्टे कापताना दोन पट्ट्यांच्या मधे बोटभर गवत राहू लागलं. त्यावरून त्याने ताईला सगळ्यांदेखत झापलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्या दिवशी मशीनवर आपणच होतो. ताई ही त्याच्या हाताखालची सगळ्यात जुनी बाई, पंधरा वर्षांची.  दुसऱ्या दिवसापासून ती हातातलं छोटं मशीन घेऊन त्याच्या मागून जायची आणि राहिलेलं गवत कापून टाकायची. त्याला ते कळलं नाही.

बायको म्हणाली, डोळे दाखवून या. त्याने चष्म्याच्या दुकानात जाऊन भिंतीवरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा वाचली आणि घरी येऊन जाहीर केलं की डोळे उत्तम आहेत. पुढे तिने पुन्हा विषय काढला की तो फळ्याचा दाखला देई.

‘‘अगं, नजर अधू असती तर दीडशे पावलांवरून एवढ्याशा भोकाजवळ चेंडू टाकता आला असता का? सात आहे अजून. आठसुद्धा नाही झाला.’’

ह्यावर ती काय बोलणार? ती घरी बसून पडदे शिवून देणारी बाई. गोल्फमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मुकादम घाबरलेला होता. मुळात घाबरला नसता तर त्याने आकड्याचा एवढा आधार घेतलाच नसता. सोमवारी खेळ संपला की तो कार्ड घेऊन कारकुनाच्या खिडकीशी उभा राही. कारकून आकडे कॉम्प्युटरात घाली, आणि तो ‘सातच’ म्हणेपर्यंत ह्याचा जीव टांगणीला लागलेला असे. एकदा ‘सातच’ ऐकलं की मग दारांना आपटायला, कपाबाहेर चहा ओतायला पुढचे सात दिवस मोकळे. आजारी माणूस ताप मोजतो तसा तो हँडिकॅप मोजत होता, आणि मोजमाप दर वेळी बरोबर येत होतं. हा मूर्खपणा होता असं म्हणायला आपलं काय जातं! त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

आता प्रश्न असा, की दिसत नसताना तो सातवर खेळत कसा होता? तर चेंडू कुठे पडला हे त्याला बऱ्याचदा दिसतच नसे. पण फटक्याचा आवाज आणि मनगटाला बसलेला झटका ह्यांवरून तो किती लांब गेला हे कळे, आणि पडला की कुठे घरंगळणार हे जमिनीवरून कळे. ती जमीन त्याने सव्वीस वर्षं पायाखाली घातली होती. तिसऱ्या होलावर चेंडू कसाही मारा, तो दोन झाडांच्या मधल्या बशीत जाऊन बसतो. अकराव्यावर सगळं उजवीकडे ओढतं. फटका मारायचा, काठी पिशवीत टाकायची आणि मान वर न करता चालू लागायचं. चेंडू तिथेच असे. नसला तर कारकून ओरडे, ‘‘अहो, थोडा पुढे आहे!’’

हे तीन वर्षं चाललं. मग मेहुणीने नवीन घर घेतलं.

मुकादम आणि त्याची बायको घर पाहायला गेले. पहिल्या दहा मिनिटांत मुकादमाने काचेचं बुटकं टेबल नडगीने उडवलं. ट्रेमधले कप जमिनीवर. सगळे ‘असू दे, असू दे’ म्हणत आवरत होते तोवर तो मागे सरकून खुर्चीत बसायला गेला आणि खुर्चीच्या शेजारी जमिनीवर बसला. मेहुणी खो-खो हसली. साडूने विचारलं, ‘‘भावजी, घरूनच घोट घेऊन आलात की काय?’’ मुकादमही हसला. बायको हसली नाही. परत येताना बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, आणि तो घराचं कुलूप काढत असताना म्हणाली, ‘‘एक विचारू?’’

‘‘विचार.’’

‘‘आपल्या घरात तुम्ही कधी आपटत नाही. कप सांडता, पण आपटत नाही. बाहेर नवीन कुठे गेलो की आपटता. असं का?’’

‘‘त्यांनी टेबल कुठे ठेवलंय पाहिलंस का? वाटेत!’’

‘‘आपलंही वाटेतच आहे.’’ तिने दाराशी असलेल्या छोट्या टेबलाकडे बोट दाखवलं. मुकादमाने त्याच क्षणी, न बघता, त्यावर किल्ल्या टाकल्या होत्या. ‘‘तीस वर्षं तिथेच आहे. माझं शिलाईचं मशीन तिथेच, तुमची खुर्ची तिथेच. हे घर तुम्हाला पाठ आहे हो. पाठ असलेलं म्हणायला पुस्तक उघडावं लागत नाही. मला वाटतं तुमचं ते मैदानही तसंच आहे.’’

मुकादम बूट काढत होता तो तसाच थांबला. गोल्फमधलं ओ की ठो न कळणाऱ्या बाईने त्याच्या सातलाच हात घातला होता. त्याने आवाज चढवला.

‘‘मैदान पाठ असून चेंडू भोकात जातो का? मग सभासद का मारत नाहीत सात? त्यांचंही तेच मैदान!’’

‘‘मग दुसरीकडे जाऊन खेळून दाखवा,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘तिथेही सात आला तर डोळ्यांचं नाव मी जन्मात काढणार नाही. नाही आला तर त्याच आठवड्यात माझ्याबरोबर डॉक्टरकडे. चष्म्याच्या दुकानात नाही, डॉक्टरकडे.’’

‘‘नवीन मैदानावर सगळ्यांचेच चार-दोन फटके वाढतात.’’

‘‘बरं, मग बारा. बारापर्यंत मी गप्प बसेन.’’

दुसऱ्या शहरातल्या एका क्लबाने दर वर्षी शेजारच्या क्लबांच्या नोकरांचे सामने भरवायची प्रथा ठेवली होती. मुकादमाला दर वर्षी बोलावणं येई आणि दर वर्षी त्याचं काहीतरी निघे: खत टाकायचंय, पाण्याचा पाइप फुटलाय, गुडघा. त्या वर्षी त्याने स्वतः जाऊन कारकुनाला सांगितलं, माझं नाव घाल. कारकुनाला आनंद झाला. तो म्हणाला, ‘‘घाला त्यांच्या घशात तुमचा सात.’’

तिथे पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. मैदान चांगलं राखलेलं होतं, हे मुकादमाला बुटाखालच्या गवतावरूनच कळलं. त्याला बरं वाटलं. पहिला फटकाही छान बसला, आवाज कोरडा आणि स्वच्छ. त्याने काठी पिशवीत टाकली आणि मान खाली घालून चालू लागला.

‘‘मुकादम!’’ मागून कारकून ओरडला. ‘‘कुठे चाललात? चेंडू तिकडे गेलाय, डावीकडे!’’

मुकादम थांबला. डावीकडे त्याला हिरवं काहीतरी दिसत होतं, चेंडू दिसत नव्हता. त्याने मान फिरवून त्या हिरव्यातला एकेक तुकडा तपासायला सुरुवात केली. शेवटी कारकूनच जाऊन चेंडूपाशी उभा राहिला.

दुसऱ्या होलावर झेंडा कुठे आहे हेच कळेना. झेंडा नजरेच्या मधोमध आला तर स्पष्ट दिसे, त्याच्यावरचा आकडासुद्धा वाचता येई. पण मधोमध आणायचा तर आधी कुठे शोधायचा? ‘‘त्या पांढऱ्या भिंतीच्या जरा उजवीकडे,’’ कारकून सांगे, आणि मुकादम आधी भिंत शोधे. मागे उभी असलेली दोन माणसं आपापसात काहीतरी बोलली. चौथ्यावर तो वाळूच्या खड्ड्याच्या काठावरून सरळ आत गेला, पिशवीसकट. उठला, कपडे झटकले, म्हणाला, ‘‘इथल्या लोकांनी काठ फार उभे ठेवलेत.’’ कारकुनाने मान डोलावली. काठ मुळीच उभे नव्हते.

अकराव्यापर्यंत सहा चेंडू हरवले होते. अकराव्यावर त्याने फटका मारला, आणि त्याचे पाय आपोआप उजवीकडे वळले. घरच्या अकराव्यावर सगळं उजवीकडे ओढतं ना! पन्नास पावलं गेल्यावर तो उभा राहिला. उजवीकडे काहीच नव्हतं, एक बाक होता आणि पाण्याचा नळ होता. त्याला मागून कुणी हाक मारली नाही. कारकून डावीकडे लांब चेंडूपाशी उभा होता आणि ह्या खेपेला ओरडत नव्हता, नुसता बघत होता. मुकादमाला एवढ्या अंतरावरून त्याचं तोंड नीट दिसलं, अगदी मधोमध. आणि त्या तोंडावर जे होतं ते पाहून त्याला कळलं की कारकुनालाही कळलं.

उरलेल्या सात होलांवर कारकून प्रत्येक फटक्यानंतर आपणहून चेंडूपाशी जाऊन उभा राही, झेंड्याच्या दिशेला हात लांब करून दाखवी. एकशेचार फटके झाले.

गाडीत बसल्यावर कारकुनाने आपलं कार्ड काढलं. घरी त्याला अठ्ठ्याऐंशी लागत, इथे त्र्याण्णव लागले होते. ‘‘नवीन मैदानाचे पाच,’’ तो म्हणाला. ‘‘माझे पाच वाढले. तुमचेही पाच धरू. सहा धरू.’’

‘‘माझे पंचवीस वाढले,’’ मुकादम म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘मग उरलेले एकोणीस कुणाचे?’’

कारकुनाने कार्ड घडी करून खिशात ठेवलं.  मुकादमाला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. ‘‘तू नऊ वर्षं माझ्याबरोबर खेळतोस. मी चेंडूकडे बघत नाही हे तुला कधी दिसलं नाही?’’

‘‘दिसलं की.’’

‘‘मग?’’

‘‘मला वाटायचं ती तुमची ऐट आहे,’’ कारकून म्हणाला. ‘‘फटका मारायचा आणि वळूनही बघायचं नाही. मी घरी बायकोला सांगायचो, की आमच्या मुकादमासारखी ऐट कुणाची नाही.’’

घरी बायकोने दार उघडलं. त्याने किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि आकडा सांगितला. तिने ‘बघा, मी म्हणत होते’ म्हटलं नाही. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, आतला दाब मोजला आणि मग त्याला एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मुकादमाने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग बराच वेळ काही झालं नाही. पुन्हा एक दिवा. मग पुन्हा काही नाही. तो कंटाळला.

‘‘बाई, हे बंद पडलंय का?’’

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चालू आहे. तुम्ही बघत राहा.’’

नंतर त्यांनी कागद पुढे ठेवला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं छापलेली होती, काळी कुळकुळीत, आणि प्रत्येकाच्या मधे थोडंसं पांढरं. ते पांढरं म्हणजे त्याला जे दिसत होतं ते. मुकादमाच्या हाताला मापं पटकन कळत. त्या कागदावर जग परातीएवढं धरलं तर उरलेलं त्याच्या अवजाराच्या तोंडाएवढं होतं.

‘‘काचबिंदू आहे,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘कडेकडेने खात येतो. दुखत नाही, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. जे गेलं ते परत येत नाही. थेंबांनी उरलेलं धरून ठेवायचा प्रयत्न करू. मशीन, गाडी, काही चालवायचं नाही आता.’’ मग कागद पुन्हा जवळ घेऊन त्यांनी विचारलं, ‘‘धडपडायला कधीपासून लागलात?’’

‘‘तीन वर्षं झाली,’’ बायको म्हणाली.

‘‘अरेरे! तेव्हाच यायला हवं होतं हो. तेव्हा बरंच हातात होतं.’’

‘‘तेव्हा सात होता,’’ मुकादम म्हणाला.

‘‘काय सात होता?’’

‘‘काही नाही,’’ बायको घाईने म्हणाली आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. ‘‘थेंब दिवसातून किती वेळा घालायचे तेवढं लिहून द्या.’’

घरी आल्यावर तो खुर्चीत बसला आणि रडला. पंचावन्न वर्षांचा माणूस, तोंडावर टॉवेल घेऊन, मोठ्याने. ती शेजारी उभी राहिली. तिने त्याची समजूत घातली नाही, समजूत घालण्यासारखं काही नव्हतं. तिने फक्त सांगितलं, ‘‘ह्या घरातली एकही वस्तू मी हलवणार नाही. मी असेपर्यंत एकही नाही.’’

त्याने क्लबाला स्वतःच कळवलं. सामानाच्या खोलीत पिशव्या लावायचं काम त्याला देऊ केलं गेलं, ते त्याने घेतलं. शेवटच्या रविवारी त्याने नेहमीप्रमाणे अठरा होल पाडले आणि अवजार धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ताईच्या हातात दिलं. ताईला घेववेना. ‘‘मी क्रम तसाच ठेवेन,’’ ती म्हणाली.

‘‘वेडी आहेस का? तुझं मैदान आता. तू तुझा क्रम लाव.’’ असं म्हणायला त्याला बरं वाटलं, निदान म्हणताना तरी.

आठवडाभराने तो कारकुनाच्या खिडकीशी गेला. ‘‘एकशेचारचं कार्ड घातलंस का?’’

‘‘घातलं.’’

‘‘मग फळ्यावर अजून सात कसा?’’

कारकुनाने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला, मग त्याचे डोळे आठवून परत आपल्याकडे घेतला. ‘‘शेवटची वीस कार्डं बघतात आणि त्यातली चांगली आठच धरतात. वाईट दिवस कुणाचाही येतो, म्हणून. तुमचं ते कार्ड धरलंच नाही.’’

‘‘म्हणजे मी अजून सात?’’

‘‘अजून सात.’’

‘‘पुसून टाक,’’ मुकादम म्हणाला.

‘‘नियमात बसत नाही.’’ कारकून अवघडला. ‘‘आणि तो रंगाने लिहिलाय. खेळायला येणार ना सोमवारी? या. घरच्या मैदानाला काय होतंय तुम्हाला?’’

हेच मुकादमालाही वाटत होतं, म्हणून तर तो चिडला होता. सगळं गेलं, पण सोमवारचे चार तास तर आहेत. तिथे तो अजून आंधळा नव्हता.

सोमवारी ऊन कोवळं होतं आणि गवत कोरडं. पहिल्या सात होलांवर काही चांगले, काही वाईट फटके गेले. हिरवळीवर पोचलं की कारकून झेंडा काढून होलापाशी उभा राही आणि मुकादम त्याच्या बुटांकडे बघून चेंडू मारी.  आठव्यावर मुकादमाचा पहिला फटका नेहमीच्या उंचवट्यावर जाऊन थांबला. तिथून हिरवळ एकशेचाळीस पावलं. त्याने झेंडा शोधायचा प्रयत्न केला, सापडला नाही, आणि त्याने तो नाद सोडला. काल रविवार होता. मागे उजवीकडे. हे त्याला बघायची गरज नव्हती.

फटका असा बसला की कारकुनाच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. मनगटाला काही जाणवलंच नाही, इतका मधोमध. सव्वीस वर्षांत असे दहा-बारा फटके बसले असतील. मुकादमाने काठी पिशवीत टाकली आणि मान वर न करता चालू लागला. ह्या खेपेला मागून कुणी ‘कुठे चाललात’ म्हणालं नाही. तो थेट हिरवळीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात गेला, आणि चेंडू तिथेच होता. त्याला तो लगेच दिसला. त्याने हसून मान वर केली आणि झेंडा शोधू लागला.

समोर झेंडा नव्हता. त्याने मान थोडी डावीकडे केली, मग उजवीकडे. गवत, गवत, पिशवीचा पट्टा, कारकुनाचे बूट. पुन्हा गवत. तो स्वतःभोवती हळूहळू फिरू लागला आणि फिरता फिरता आपण कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहोत हेही त्याला कळेनासं झालं. आठव्या हिरवळीवर, जिचं एकेक पातं त्याने कापलं होतं!

त्याच्या बुटाखाली काहीतरी लागलं. अगदी बारीक कड, दुसऱ्या कुणाला जाणवलीही नसती. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने तळहात फिरवला. बुजवलेला होल. गट्टू केसभर वर राहिला होता, ताईने पहिल्याच दिवशी बुजवलेला असणार. मुकादमाने बोटाने त्या वर्तुळाच्या कडेने एक फेरी मारली. ह्या हिरवळीवर त्याने पाडलेला शेवटचा होल हा. चेंडू त्याच्यापासून वीतभर होता.

‘‘मुकादम,’’ कारकून म्हणाला.  ‘‘झेंडा पुढे आहे. डावीकडे, वाळूच्या खड्ड्याजवळ. तिने इथला क्रम बदललाय.’’

‘‘मीच सांगितलं तिला,’’ मुकादम म्हणाला. तो उठला नाही. त्याने हाताची मूठ वळली आणि वर राहिलेला गट्टू ठोकून ठोकून खाली बसवू लागला. तो हिरवळीच्या बरोबरीत आला तरी ठोकत राहिला, कारकुनाने येऊन हात धरेपर्यंत.